लेबलावरचं गाव

नेलोप्टोडेस ग्रेटाए या भुंगेऱ्याची लांबी आहे ०.७९ मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याशेजारी ठेवला तर फार तर त्याच्या बरोबरीला येईल. रंग फिकट पिवळा, थोडा सोनेरीकडे झुकणारा. डोळे नाहीत, पंख नाहीत. डोळे जिथे असायला हवे होते त्या दोन जागांच्या मध्ये डोक्यावर एक बारीक खळगा आहे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना लांब मिशा. एवढ्याशा देहात हे सगळं बसलेलं आहे. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ते पाहिलं, मोजलं, चितारलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आज आपण या जिवाचं नाव घेऊ शकतो.

नवी जात सापडली अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे रान उभं राहतं. पाठीवर पिशवी, हातात जाळी, पानाखाली अचानक चमकलेला अनोळखी किडा. या भुंगेऱ्याची गोष्ट तशी नाही. १९६४-६५ मध्ये, केनिया नुकताच स्वतंत्र झाला होता तेव्हा, विल्यम ब्लॉक हे ब्रिटिश निसर्गअभ्यासक पूर्व आफ्रिकेत फिरून माती आणि पालापाचोळ्याचे नमुने घेत होते. नैरोबीच्या नमुन्यात हा भुंगेरा आला. १९७८ मध्ये ब्लॉक यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये दाखल झाला. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मायकेल डार्बी यांनी ‘एन्टमॉलॉजिस्ट्स मंथली मॅगझिन’मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं. नाव दिलं ग्रेटा थुनबर्गचं, ती तेव्हा सोळा वर्षांची होती. पर्यावरणाच्या प्रश्नाकडे जगाचं लक्ष वेधण्याच्या तिच्या कामाची ती दखल होती, आणि भुंगेऱ्याच्या लांब मिशा पाहून डार्बींना तिच्या वेण्याही आठवल्या.

नैरोबीच्या मातीतून बाहेर पडणं आणि नाव मिळणं यांच्यामध्ये अर्धशतकाहून जास्त काळ गेला. मला या कथेत सगळ्यात जास्त ओढ वाटते ती या मधल्या काळाची. किडा मेलेला, कपाटात पडून. तरी त्याच्यात सांगण्यासारखं सगळं शाबूत होतं, फक्त विचारणारं कुणी आलं नव्हतं.

आधी मातीतून एवढे लहान जीव काढतात कसे, ते पाहू. चिमट्याने वेचायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. त्यासाठी एक साधी, शंभरेक वर्षांची जुनी युक्ती आहे. चाळणी लावलेल्या नरसाळ्यात माती किंवा पाचोळा पसरायचा, वर दिवा लावायचा आणि खाली अल्कोहोलची बाटली ठेवायची. दिव्याच्या उबेने माती वरून सुकत जाते. मातीतल्या जिवांना हवा असतो ओलावा आणि अंधार, म्हणून ते खाली खाली सरकतात आणि शेवटी चाळणीतून बाटलीत पडतात. काही दिवसांनी बाटलीच्या तळाशी कोळी, शेपूटउडे, मुंग्या, अळ्या यांचा गाळ साठतो. मूठभर पाचोळ्यात किती वस्ती होती ते तेव्हा कळतं. या गाळात जे बारीक, पिवळट, धुळीसारखे कण दिसतात त्यांतले काही पूर्ण वाढलेले भुंगेरे असतात.

या कुळाला शास्त्रात टिलिइडी म्हणतात. आपण त्यांना पिसपंखी भुंगेरे म्हणू. यांच्या पंखाला पसरट पापुद्रा जवळजवळ नसतोच. मधोमध एक बारीक दांडी आणि तिच्या कडेने लांब केसांची झालर, असा तो पंख. एवढ्या लहान जिवाला हवा आपल्यासारखी पातळ भासत नाही, दाट आणि चिकट भासते, आणि अशा हवेत केसांची झालरसुद्धा सलग पडद्यासारखं काम करते. पॅराट्युपोसा प्लॅसेंटिस ही व्हिएतनाममधली एक जात आहे, लांबी ०.३९५ मिलिमीटर. तिच्या उड्डाणाचं अतिशय वेगवान चित्रण करून केलेला अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पंख इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रुंद वळणं घेतात, अंगाच्या वर आणि खाली एकमेकांना येऊन भिडतात, आणि पाठीवरचे कडक ढालपंख उघडझाप करून अंगाचं हेलकावणं आवरतात. केसाळ पंख हलका असल्यामुळे त्याला हलवायला ताकद कमी लागते. आपल्यापेक्षा तिप्पट मोठ्या भुंगेऱ्यांच्या वेगाशी हे जीव बरोबरी करतात.

ही यांच्या उडण्याची तऱ्हा. यांच्या पोटातलं जग तर आणखी अचाट आहे. काही पिसपंखी भुंगेऱ्यांना हृदयच नसतं. शरीर इतकं लहान की आतला द्रव आपोआप सगळीकडे पोचतो, त्याला ढकलायला पंप लागत नाही. मादीच्या पोटात एका वेळी एकच अंडं तयार होतं, कारण ते अंडंच तिच्या अंगाच्या मानाने प्रचंड असतं. नराचे शुक्रजंतूही काही जातींत जवळजवळ त्याच्या अंगाएवढे लांब असतात. शरीर लहान करता येतं, पण अंडं एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही. त्यात पुढचा अख्खा भुंगेरा घडवण्याचं सामान बसवायचं असतं.

यांतला सगळ्यात लहान कोणता? स्कायडोसेला मुसावासेन्सिस. त्याचं वर्णन १९९९ मध्ये निकाराग्वातल्या नमुन्यांवरून झालं. पण ते नमुने सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांवर कायमचे बसवलेले होते आणि तशा अवस्थेत नेमकी लांबी मोजणं अवघड. पुढे रशियन अभ्यासक अलेक्सेई पोलिलोव यांना कोलंबियात हाच भुंगेरा एका बुरशीवर मिळाला. त्यांनी नव्याने मोजमाप केलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. सर्वांत लहान भुंगेरा भरला ०.३२५ मिलिमीटर. तळ्याच्या पाण्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीवही जवळजवळ एवढाच असतो. एकीकडे एक पेशी आणि दुसरीकडे तेवढ्याच आकारात मेंदू, स्नायू, सांधेदार पाय, मिशा, जबडे! मला हे कितीदा वाचलं तरी नवं वाटतं.

आता संग्रहालयात जाऊ. लंडनच्या या संग्रहालयात भुंगेऱ्यांचे सुमारे एक कोटी नमुने आहेत. ओळीने कपाटं, कपाटांत काचेच्या झाकणाचे खण, खणांत टाचण्यांवर टोचलेले भुंगेरे. टाचणी कुठे टोचायची याचाही दंडक आहे. ती उजव्या ढालपंखातून जाते, मधून नाही. मधोमध टोचली तर दोन्ही ढालपंखांची जोडणी आणि पोटाकडचे महत्त्वाचे भाग फुटतात. उजवीकडून टोचली की मधली रेषा वाचते आणि डावी बाजू संपूर्ण अखंड राहते. भुंगेरा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे एक बाजू धड असली की अभ्यासाला पुरते. लहान भुंगेऱ्यांना टाचणी टोचताच येत नाही. मग त्यांना कार्डाच्या तिकोनी तुकड्याच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवतात आणि टाचणी कार्डातून जाते.

टाचणीवर भुंगेऱ्याच्या खाली एक चिठ्ठी असते, बोटाच्या नखाएवढी. तिच्यावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. जुन्या चिठ्ठ्या टाकाच्या बारीक अक्षरात लिहिलेल्या, शाई तपकिरी पडलेली. नंतर कुणी तो नमुना तपासला, त्याला नाव दिलं, ते नाव पुन्हा कुणी बदललं, तर प्रत्येक जण आपली चिठ्ठी त्याच टाचणीवर खाली जोडतो. आधीची काढायची नाही, चुकलेली असली तरी. त्यामुळे एकेका टाचणीवर चार-पाच चिठ्ठ्यांची उतरंड होते आणि त्या किड्याकडे आजवर कुणी कुणी पाहिलं याचा इतिहास तिथेच, त्या टाचणीवर वाचता येतो. चिठ्ठी हरवलेला सुंदर भुंगेरा शास्त्राच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. चिठ्ठी असलेला मोडका, एक पाय गळालेला भुंगेरा मात्र अनमोल ठरू शकतो. तो कुठल्या मातीतून आला आणि कधी, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने परत मिळवता येत नाही.

पिसपंखी भुंगेऱ्यांचं काम याहून नाजूक. बाहेरून पाहून भागत नाही. किडा सौम्य अल्कलीच्या द्रावणात ठेवून आतलं मांस विरघळवतात, म्हणजे कवच पारदर्शक होतं. मग तो धुऊन, सुईहून बारीक टाचण्यांनी त्याचे भाग वेगळे करून काचपट्टीवर राळेच्या थेंबात बसवतात आणि वरून पातळ काच ठेवतात. कॅनडा बाल्सम ही त्यासाठी वापरली जाणारी राळ फर वृक्षाची, दीडशे वर्षांनीही त्यातून आरपार दिसतं. श्वास जोरात सोडला तर नमुना उडून जाईल, इतक्या लहान वस्तूवर हे सगळं करायचं. मायकेल डार्बी एकेकाळी लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या कलावस्तूंच्या संग्रहालयात काम करत होते. वस्तू हातात घेऊन तिच्या घडणीवरून तिचं कूळ ओळखण्याची ती नजर इथेही कामी आली असणार, असं मला वाटतं.

सूक्ष्मदर्शकाखाली मग काय पाहायचं? मिशांची पेरं किती आणि कोणतं पेर किती लांब. डोक्यावर आणि छातीवर खळगे आहेत का, असतील तर कुठे. कवचावरची जाळी कशी आहे, त्यातल्या घरांचा आकार काय. पोटाकडून पायांच्या खोबणींमधलं अंतर किती. पोटाचं शेवटचं टोक साधं आहे की दातेरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतले जननावयव. मादीच्या पोटात नराचं शुक्र साठवायची एक कडक पिशवी असते. ती कुठे गोल, कुठे वाकडी, कुठे नळीसारखी गुंडाळलेली असते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींत ही पिशवी साफ वेगळी निघते. इतर कुळांतल्या भुंगेऱ्यांत बहुधा नराचं अंग पाहून निकाल लागतो, इथे बऱ्याचदा मादी निर्णायक ठरते.

पण वेगळं दिसलं की वेगळी जात, एवढं ते सोपं नाही. पिसपंखी कुळात तर मोठीच फसगत आहे. प्टिनेला वंशातल्या भुंगेऱ्यांत एकाच जातीचे दोन अवतार असतात. एक गडद रंगाचा, डोळे असलेला, पंख असलेला, नव्या जागी उडून जाऊ शकणारा. दुसरा फिकट, आंधळा, बिनपंखी, झाडाच्या सालीखालीच जन्म काढणारा. दोघांना शेजारी ठेवलं तर कुणीही त्यांना दोन निराळ्या जाती म्हणेल. तेव्हा ‘याला डोळे नाहीत’ हे एवढंच कारण नवी जात ठरवायला पुरेसं नाही. अभ्यासकाला विचारावं लागतं की हा फरक जातीचा आहे, की वयाचा, लिंगाचा, आहाराचा, की नुसत्या अवताराचा? एका गावचे दहा नमुने एकमेकांत किती वेगळे आहेत आणि दुसऱ्या गावच्या नमुन्यांपासून किती वेगळे? आधी वर्णन झालेल्या जवळच्या सगळ्या जातींशी ताडून पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्या जाती कुठे आहेत? वेगवेगळ्या देशांतल्या कपाटांत. आणि त्यांची वर्णनं? दोनशे वर्षांच्या नियतकालिकांत विखुरलेली, लॅटिनमध्ये, जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये, कधी कधी दोन ओळींची.

इथेच ‘मूळ नमुना’ या कल्पनेचं महत्त्व कळतं. नव्या जातीचं वर्णन छापताना अभ्यासकाला एक नमुना निवडून जाहीर करावा लागतो की या नावाचा आधार हा एवढाच देह. शास्त्रज्ञ त्याला होलोटाइप म्हणतात. तो कोणत्या संग्रहालयात ठेवला तेही सांगावं लागतं. लंडनमध्ये त्याला लाल कडेची गोल चिठ्ठी लागते, म्हणजे खण उघडताच तो नजरेत भरतो. होलोटाइप त्या जातीचा सर्वांत देखणा किंवा सर्वांत सरासरी नमुना असावा अशी अट नाही. त्याचं काम निराळं. उद्या कळलं की एका नावाखाली खरं तर दोन जाती एकत्र झाल्या होत्या, तर मूळ नाव कोणाकडे राहणार याचा निवाडा त्या एका देहावरून होतो. शब्दांतलं वर्णन अपुरं पडू शकतं, चित्र चुकू शकतं. किडा पुन्हा पाहता येतो. आज कुणाच्या मनात न आलेला प्रश्न उद्या त्याला विचारता येतो.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपल्या उसाच्या शेतात या. हुमणी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मुळं कुरतडणारी ती जाड, पांढरी, वाकडी अळी म्हणजे भुंगेऱ्याची पोर. पण हुमणी एक नाही. आपल्याकडे माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी असा भेद शेतकरी आणि कृषी विद्यापीठं दोन्ही करतात. माळावरची म्हणजे होलोट्रायकिया सेराटा. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात, आणि तिथेच रात्री फांद्या हलवून ते गोळा करून मारले जातात. नदीकाठची हुमणी म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. तिची जमीन वेगळी, वागणूक वेगळी. कोणती हुमणी आहे हे न कळता केलेला उपाय वाया जाऊ शकतो. पहिल्या जातीला नाव दिलं योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश अभ्यासकाने, १७८१ मध्ये. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा हा विद्यार्थी भारतात कधीच आला नाही. त्याच्याकडे युरोपातल्या संग्रहांतून नमुने येत, आणि भारतातले कित्येक किडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून, म्हणजे तेव्हाच्या डॅनिश ट्रँकेबारहून गेलेले होते. दुसऱ्या जातीचं वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एमिल ब्लाँशार यांनी केलं, ते पॅरिसच्या संग्रहालयातल्या कीटकांची यादी करत असताना. सांगली-कोल्हापूरच्या मळीत मुळं कुरतडणाऱ्या अळीच्या नावाचं मूळ असं पॅरिसच्या कपाटात निघतं.

या इतिहासाची एक अवघड बाजू आहे. भारतातल्या भुंगेऱ्यांवर काम करणाऱ्याला मूळ नमुने पाहायला आजही कोपनहेगन, लंडन, पॅरिस अशी दारं ठोठावावी लागतात. नैरोबीत भुंगेरा शोधणाऱ्याला नेलोप्टोडेस ग्रेटाए पाहायला लंडनकडेच बघावं लागेल. आता मोठी संग्रहालयं मूळ नमुन्यांची बारकाईची छायाचित्रं घेऊन सर्वांना खुली करू लागली आहेत. ते काम जेवढं वेगाने होईल तेवढं चांगलं. ज्या मातीतून तो जीव गेला त्या मातीतल्या माणसाला तो पाहता येणं हा मला त्याचा साधा हक्क वाटतो. आपल्याकडे कोलकात्यात १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जे संग्रह आहेत, त्यांची किंमतही याच हिशेबाने करायला हवी.

आता त्या अर्धशतकाकडे वळतो. नेलोप्टोडेस ग्रेटाएला लागलेला वेळ अपवाद नाही. फ्रेंच अभ्यासकांनी २००७ मध्ये वर्णन झालेल्या जातींमधून काही निवडल्या आणि त्यांचा पहिला नमुना कधी गोळा झाला होता ते शोधलं. गोळा होणं आणि नाव मिळणं यांच्यामध्ये सरासरी एकवीस वर्षं गेली होती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकवीस वर्षं ही सरासरी, म्हणजे कित्येक जाती याहूनही जास्त थांबल्या. कारणं समजण्यासारखी आहेत. वाट पाहणारे नमुने लाखोंनी, जाणकार बोटांवर मोजण्याइतके. एका कुळाची नजर कमवायला दहा-वीस वर्षं जातात, आणि एखाद्या कुळाचा जाणकार गेला की त्याच्या जागी कुणी उभं राहीपर्यंत ते कुळ मुकंच राहतं.

भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना आजवर नावं मिळाली आहेत. नाव असलेल्या सगळ्या प्राण्यांत दुसऱ्या कुठल्याही गटाला एवढी संख्या गाठता आलेली नाही. आणि एवढ्याच जाती नाहीत. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या एकोणीस झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडलं. खाली अंथरलेल्या कापडांवर जे पडलं त्यात भुंगेऱ्यांच्याच बाराशेच्या आसपास जाती निघाल्या. १९८२ मध्ये त्यांनी त्यावरून हिशेब मांडला की उष्ण कटिबंधात कीटक आणि त्यांच्या भाईबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात. तो आकडा आता फार मोठा मानला जातो. २०१५ मध्ये नायजेल स्टॉर्क आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रीतींनी काढलेले अंदाज ताडून भुंगेऱ्यांच्या जाती पंधरा लाखांच्या आसपास असाव्यात असं मांडलं. तरीही दर चार जातींपैकी तीन अजून बिननावाच्या. त्यांतल्या किती झाडांवर आहेत आणि किती आधीच कुठल्या तरी खणात टाचणीवर उभ्या आहेत?

टाचणीवर उभ्या राहिलेल्यांतला एक तर चार्ल्स डार्विनने गोळा केलेला होता. १८३२ मध्ये बीगल जहाज अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका इथे थांबलं असताना तरुण डार्विनने तिथून एक भुंगेरा उचलला. आखूड ढालपंखांच्या, उघड्या पोटाच्या, चपळ भुंगेऱ्यांच्या स्टॅफिलिनिडी कुळातला. तो लंडनच्या संग्रहात पोचला आणि मग सगळ्यांच्याच नजरेतून निसटला. पुढे अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात काम करणाऱ्या स्टिलियानोस हात्झिमानोलिस यांनी लंडनहून काही नमुने अभ्यासाला मागवले. संग्रहालयं असे नमुने जगभरातल्या अभ्यासकांकडे टपालाने उसने पाठवतात, पेटीत पेटी घालून. या विश्वासाचं मला फार अप्रूप वाटतं, कारण वाटेत पेटी आपटली तर एकुलता एक पुरावा मोडू शकतो. त्या पेटीतला एक भुंगेरा हात्झिमानोलिसना वेगळा वाटला. डोक्यावर हिरवी धातूसारखी झाक आणि मिशांची पेरं करवतीच्या दातांसारखी एका बाजूला निघालेली. त्यांनी चिठ्ठी वाचली. गाव बाहिया ब्लांका, नाव डार्विन.

त्यांनी इतर मोठ्या संग्रहालयांतही याचा जोडीदार शोधला. मिळाला फक्त एक, बर्लिनमध्ये, अर्जेंटिनातल्याच रिओ क्वार्तो या गावचा, १९३५ च्या आधी कधीतरी पकडलेला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, डार्विनच्या वाढदिवशी, नवा वंश आणि नवी जात जाहीर झाली. नाव डार्विनिलस सेडारिसाय. पहिला शब्द डार्विनसाठी. दुसरा अमेरिकन लेखक डेव्हिड सेडारिससाठी, कारण नमुने मांडताना आणि चित्रं काढताना हात्झिमानोलिस त्याची ध्वनिपुस्तकं ऐकत असत. पकडल्यापासून नाव मिळेपर्यंत सुमारे एकशे ऐंशी वर्षं.

आजवर या भुंगेऱ्याचे हे दोनच नमुने माहीत आहेत. या भागातली बरीच जमीन आता नांगराखाली आहे, आणि हात्झिमानोलिसनाही ही जात अजून टिकून असेल का याची शंका होती. कुणी तिला शोधायला निघालंच, तर हाती असेल ती त्या दोन चिठ्ठ्यांवरची माहिती. बाहिया ब्लांका आणि रिओ क्वार्तो, मध्ये सुमारे साडेसहाशे किलोमीटर पांपाची मैदानी जमीन. सुरुवात या दोन गावांपैकी एकातून करावी लागेल.